साताऱ्यातला ‘ऱ्या’ आणि मीडियाविकीची नवी आवृत्ती

विकिपीडिया ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो त्याचे नाव मीडियाविकी. त्याची मोठी आवृत्ती एका ठरावीक तारखेला बाहेर पडते, पण तिची आखणी आणि तपासणी त्याआधी अनेक महिने चाललेली असते. ही सगळी प्रक्रिया उघड्यावर घडते. कोडची कोणती ओळ कोणी बदलली, त्यावर कोणी हरकत घेतली, एखादा दोष किती काळ तसाच पडून राहिला, हे कोणालाही वाचता येते. माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली प्रणाली जानेवारी २००२ मध्ये विकिपीडियावर आली आणि वाचकांची गर्दी वाढताच अपुरी पडू लागली. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती जवळजवळ नव्याने लिहिली. आजच्या मीडियाविकीचा सांगाडा त्या पुनर्लेखनातून आला. विकिपीडियाची कथा सांगताना संस्थापकांची नावे येतात, क्रॉकर यांचे क्वचितच येते. ते यायला हवे.

नव्या आवृत्तीची आखणी करताना खरा वाद होतो तो दार कधी बंद करायचे यावर. जगभरातले स्वयंसेवक रोज बदल पाठवत असतात आणि प्रत्येकाला आपला बदल याच आवृत्तीत हवा असतो. म्हणून एका दिवशी मुख्य कोडपासून एक शाखा वेगळी काढतात. त्या शाखेत नवी सोय घेतली जात नाही, फक्त दोष दुरुस्त केले जातात. पुढे बीटा आणि मग ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे गंभीर दोष सापडला नाही तर जशीच्या तशी प्रसिद्ध होणारी प्रत.

दरम्यान यंत्राकडून चाचण्या करवून घेतल्या जातात. मीडियाविकीच्या भांडारात एक लांबलचक फाइल आहे. संपादकाने असे लिहिले तर वाचकाला पानावर नेमके काय दिसले पाहिजे, अशा जोड्या तिच्यात ओळीने मांडलेल्या आहेत. एखादा दोष दुरुस्त झाला की त्याची जोडी या फाइलीत पडते आणि तोच दोष पुन्हा शिरला तर लगेच पकडला जातो. पण जे कोणाला सुचलेच नाही, त्याची चाचणीही नसते.

फेब्रुवारी २०११ मध्ये याचा प्रत्यय आला. आवृत्ती १.१७ एकदम सगळ्या विकींवर चढवली गेली, सर्व्हरांवरचा ताण आवाक्याबाहेर गेला आणि जुन्या आवृत्तीवर परतावे लागले. लाखो वाचकांचा एकाच वेळचा भार चाचणीच्या संगणकावर उभा करता येत नाही. त्यानंतर निरनिराळ्या विकी निरनिराळ्या आवृत्त्यांवर एकाच वेळी चालू शकतील अशी रचना केली गेली आणि १.१८ ही आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबर २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने चढली.

याच सुमारास मुंबईचा संबंध आला. १८ ते २० नोव्हेंबर २०११ या दिवसांत मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात भारतातली पहिली राष्ट्रीय विकी परिषद भरली. तिला जोडूनच मीडियाविकीच्या प्रोग्रॅमरांची हॅकेथॉन झाली. परिषद संपल्यावर आठच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, १.१८ सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. वृत्तपत्रांचे लक्ष विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांच्या भाषणाकडे असणे साहजिक होते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मात्र प्रोग्रॅमर आणि भारतीय भाषांत लिहिणारे संपादक समोरासमोर बसले, ही त्या तीन दिवसांतली मोठी गोष्ट. भारतीय लिपींचे दोष त्या लिपी वाचणाऱ्यालाच दिसतात.

‘साताऱ्यात’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ अशी तीन चिन्हे असतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘य’ अशी चार. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्र हे क्रमांक ताडून पाहते, त्यामुळे त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाच शीर्षकाची दोन पाने त्यातून तयार होऊ शकतात. आता समजा, मजकुरातली अदृश्य चिन्हे काढून टाकणारी एखादी ओळ कोणी चांगल्या हेतूने कोडमध्ये घातली. दुसऱ्या प्रकारच्या शब्दातले जोडचिन्ह गेले की ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. इंग्रजीसाठी लिहिलेल्या सगळ्या चाचण्या तरीही उत्तीर्ण होतील.

‘साताऱ्यात’मध्ये आणखी एक अडचण दडलेली आहे. सॉफ्टवेअरमधले संदेश साच्यासारखे असतात, नाव मागाहून त्यात भरले जाते. इंग्रजीत नाव जसेच्या तसे बसते. मराठीत परळचे परळात, गिरगावचे गिरगावात, पुण्याचे पुण्यात आणि साताऱ्याचे साताऱ्यात होते. हे सामान्यरूप यंत्राला ठाऊक नसते. म्हणून मराठी भाषांतरकार ‘सातारा येथे’, ‘सातारा हे पान’ अशी रचना करतात. कोणी काय केले हे सांगताना ‘यांनी’ वापरले की दुहेरी सोय होते: आदरही राखला जातो आणि ‘हे पान हलवले’मधले क्रियापद पानाच्या लिंगाप्रमाणे चालत असल्याने करणारा पुरुष की स्त्री, हे यंत्राला विचारावे लागत नाही. कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात शोभावी अशी ही युक्ती आहे, आणि ती शोधणाऱ्यांची नावे कोणत्याही घोषणेत नसतात.

हे भाषांतर होते ते निक्लास लाक्सस्ट्रोम या फिनलंडच्या तरुणाने सुरू केलेल्या ट्रान्सलेटविकी या मंचावर. भाषांतर करायला संदेश आधी हाती यावा लागतो. प्रोग्रॅमरने वाक्य थेट कोडमध्ये लिहून ठेवले असेल तर भाषांतरकार त्याला हात लावू शकत नाही. अशी वाक्ये हुडकण्यासाठी १.१८पासून एक सुरेख सोय आली. भाषा म्हणून ‘क्यूक्यूएक्स’ ही कल्पित भाषा निवडली की बटणांवरचे आणि सूचनांतले शब्द नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी कंसात संदेशांची अंतर्गत नावे दिसतात. तरीही पानावर इंग्रजी वाक्य उरले, तर ते कोडमध्ये कोंडलेले आहे हे उघड होते.

अंक आणि वर्णक्रम यांचीही अशीच परीक्षा लागते. मराठी विकिपीडिया आकडे देवनागरीत दाखवतो, पण साच्यांमधली बेरीज-वजाबाकी करणाऱ्या भागाला ‘१२’ कळत नाही. आकडा आधी इंग्रजी अंकांत परतवावा लागतो. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे.

फॉन्टची गोष्ट अधिक बोधक आहे. २०११ साली अनेक संगणकांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. त्यावर उपाय म्हणून वाचकाच्या ब्राउझरला पानासोबत फॉन्टही पाठवणारी सोय डिसेंबर २०११ मध्ये भारतीय भाषांच्या विकींवर आली. ती घडवणाऱ्यांत केरळचे संतोष तोट्टिंगल हे प्रमुख होते. पुढे तिच्यामुळे पाने मंदावतात असे दिसले आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे आपोआप चालू राहणे थांबवले गेले. वेग मोजता येतो. चौकोन पाहून परत गेलेला वाचक मात्र कोणत्याही मोजणीत सापडत नाही. म्हणून असा निर्णय केवळ वेगाच्या आलेखावरून घेणे धोक्याचे असते.

आता सर्वसाधारण वापरासाठी मीडियाविकीची आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. विकिपीडियावर मात्र कोड दर आठवड्याला चढतो आणि या व्यवस्थेला अभियंते ‘ट्रेन’ म्हणतात. दादरच्या फलाटावर उभ्या असणाऱ्याला तिचा नियम समजावून सांगायला नको: गाडी वेळेवर सुटते, चुकलेला बदल पुढच्या गाडीने येतो. मंगळवारी चाचणीच्या विकी, बुधवारी विक्शनरीसारखे सहप्रकल्प आणि मोजके विकिपीडिया, गुरुवारी उरलेले विकिपीडिया. मधल्या कोणत्याही टप्प्यावर गंभीर दोष दिसला तर गाडी थांबवून मागे घेतात.

मराठीतला दोष या वेळापत्रकात पकडला जायचा तर तक्रार नेमकी हवी. ‘अक्षरे नीट दिसत नाहीत’ एवढ्यावर परदेशातल्या अभियंत्याला काही करता येत नाही. कोणता शब्द, त्यातल्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक कोणते, ब्राउझर आणि फॉन्ट कोणता, दिसले काय आणि दिसायला काय हवे होते, हे पडद्याच्या चित्रासह दिले की देवनागरी न वाचणारा माणूसही तोच दोष आपल्या संगणकावर घडवून पाहू शकतो. तिथून दुरुस्ती सुरू होते, आणि दुरुस्तीबरोबर ‘साताऱ्यात’ची एक जोडी त्या चाचण्यांच्या फाइलीत घालता येते.