परिपाठातली एक बातमी आणि अमेरिकेतले ‘मत’वाले कार्यक्रम



2020 च्या डिसेंबरात आमचा परिपाठ मोबाईलवर चालायचा. सुविचार, दिनविशेष, मग बातम्या. आठवीतल्या एका मुलीने वाचलं, “अमेरिकेच्या निवडणुकीत मतमोजणीच्या यंत्रांनी ट्रम्प यांची मते बायडेन यांच्याकडे वळवली.” मी म्हणालो, “शाब्बास! आज आंतरराष्ट्रीय बातमी आणलीस.” बातमी आली कुठून? तर तिच्या वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका अमेरिकन चॅनेलच्या व्हिडिओतून. कोट-टाय घातलेला माणूस, खाली धावणारी पट्टी, कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह. कुणालाही बातमीपत्रच वाटेल. पण ते बातमीपत्र नव्हतं, तो मत मांडण्याचा कार्यक्रम होता. आणि सांगितलेली गोष्ट तर खोटीच होती.

आपल्या वर्तमानपत्रात अग्रलेख कुठे असतो हे आजोबांनाही पाठ असायचं. पहिल्या पानावर बातमी, आतल्या पानावर संपादकाचं मत. टीव्हीवर असं पान उलटावं लागत नाही, म्हणून घोळ होतो. अमेरिकेत हा प्रकार वाढला कसा, ते थोडं समजून घेऊ.

तिकडच्या कंझर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरा जपणाऱ्या आणि सरकारचा हस्तक्षेप कमी असावा म्हणणाऱ्या लोकांची एक जुनी तक्रार होती. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी ही तीनच मोठी चॅनेलं, त्यांत आमचा आवाज नाही! उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी 13 नोव्हेंबर 1969 ला एका गाजलेल्या भाषणात हेच सुनावलं, की न्यूयॉर्क-वॉशिंग्टनमधली मूठभर माणसं देशाने काय पाहावं ते ठरवतात. तक्रार अगदीच पोकळ नव्हती. विल्यम बकली यांनी तर 1955 मध्येच ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे मासिक-साप्ताहिकांच्या गर्दीत वेगळं उठून दिसणारं नियतकालिक काढलं होतं. पुढे 1966 पासून ते ‘फायरिंग लाइन’ या टीव्ही कार्यक्रमात विरोधी मताच्या माणसाला समोर बसवून वाद घालत. मला स्वतःला हा नमुना फार आवडतो. समोर उत्तर द्यायला कुणीतरी आहे ना!

रेडिओ-टीव्हीसाठी 1949 पासून एक सरकारी नियम होता, ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’. वादाच्या सार्वजनिक विषयावर बोला, पण दुसरी बाजूही ऐकवा. 1987 मध्ये तो रद्द झाला. संसदेने त्याचा कायदा करायचं ठरवलं होतं, पण अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. नेमकं त्याच सुमारास एएम रेडिओची अवस्था बिकट होती. गाणी ऐकणारे सगळे एफएमवर गेलेले. स्वस्तात तासन् तास भरतील असे कार्यक्रम केंद्रांना हवे होते. ऑगस्ट 1988 मध्ये रश लिंबॉ यांचा रोजचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. एकच माणूस, तिखट बोलणं, चेष्टा आणि श्रोत्यांचे फोन. ‘अखेर आपलं कुणीतरी बोलतंय’ असं लाखो लोकांना वाटलं. 1994 मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृहात बहुमत मिळवलं, तेव्हा नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना मानद सदस्यच करून टाकलं.

7 ऑक्टोबर 1996 ला फॉक्स न्यूज आलं. नियम गेला म्हणून फॉक्स आलं असं पुष्कळ जण लिहितात, पण केबल चॅनेलना तो नियम लागूच नव्हता. फॉक्सवर संध्याकाळी बातमीपत्रही असतं आणि रात्री मतांचे कार्यक्रमही. चॅनेल एकच, सजावटही जवळपास तीच.

ही गोष्ट फक्त उजव्यांची नाही बरं का. तेव्हा फॉक्सवर असलेले टकर कार्लसन आणि डावीकडे झुकलेल्या, तेव्हा एमएसएनबीसी नाव असलेल्या चॅनेलच्या रेचल मॅडो, दोघांवरही बदनामीचे खटले झाले आणि दोन्ही फेटाळले गेले. दोन्ही ठिकाणी न्यायालयाचा सूर साधारण सारखाच होता: समंजस प्रेक्षक अशा बोलण्याला शब्दशः वस्तुस्थिती मानणार नाही. आता सांगा, आठवीतल्या मुलीने हे कसं ओळखायचं? मी तरी कुठे ओळखलं होतं!

2020 च्या निवडणुकीच्या रात्री फॉक्सच्याच निकाल कक्षाने अ‍ॅरिझोना बायडेन यांनी जिंकलं असं सर्वांच्या आधी जाहीर केलं. ते बरोबर होतं. पण नेहमीचे प्रेक्षक भडकले, काही दुसऱ्या चॅनेलकडे वळले. त्याच दिवसांत फॉक्सच्या काही कार्यक्रमांत डोमिनियन कंपनीच्या यंत्रांवर आरोप होत राहिले. कंपनीने मार्च 2021 मध्ये 160 कोटी डॉलरचा दावा लावला. त्यात खासगी मेसेज बाहेर आले. पडद्यावरच्या नामवंत चेहऱ्यांचाच त्या आरोपांवर विश्वास नव्हता! ती विधानं खोटी आहेत असं न्यायाधीशांनी खटल्याआधीच नोंदवलं, आणि 18 एप्रिल 2023 ला, युक्तिवाद सुरू होणार त्याच दिवशी, फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन तडजोड केली. मत कितीही तिखट असो, कायदा ते चालवून घेतो. पण ‘या यंत्राने मतं बदलली’ हे मत नाही. ते एकतर घडलं किंवा घडलं नाही.

तडजोडीची बातमी वाचली तेव्हा ती मुलगी दहावी होऊन गेली होती. तिला फोन करून सांगितलं, की त्या दिवशीचं माझं ‘शाब्बास’ चुकलं होतं. ती हसली, म्हणाली, “सर, मला आठवतच नाही.” मला मात्र आठवतं.

जूनपासून परिपाठात एक छोटा बदल केला. बातमी वाचण्याआधी मुलाने तीन गोष्टी सांगायच्या: कुठून घेतली, कोण बोललं, आणि ही बातमी की मत. पहिले दोन आठवडे सगळेच ‘बातमी’ म्हणत. मग सातवीतल्या एकाने क्रिकेटचा मथळा वाचला, “भारताचा दणदणीत विजय”, आणि थांबून विचारलं, “सर, ‘विजय’ बातमी, पण ‘दणदणीत’ काय?” त्या दिवशीचा परिपाठ पंधरा मिनिटं लांबला.