शंखाच्या नावातला शंख

आमच्या देवघरातल्या शंखाचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत ‘झँकस पायरम’ असं सापडलं आणि नव्यांत ‘टर्बिनेला पायरम’. सोलापुरात समुद्र नाही, विचारायचं तरी कोणाला? हे दोन वेगळे प्राणी आहेत असं समजून मी कित्येक वर्षं दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या.

प्राणी एकच, मन्नारच्या आखातात वाळूत राहणारी समुद्री गोगलगाय. १७६७ मध्ये लिनियसने तिला ‘व्होल्युटा पायरम’ म्हटलं. पायरम म्हणजे नासपती, आकारावरून. व्होल्युटात घातलं ते शंखाच्या मधल्या खांबावरच्या वळ्या पाहून. तोंडातून बोट घातलं की या तीन-चार ठळक वळ्या हाताला लागतात.

पुढे ती व्होल्युटातून वेगळी काढली गेली आणि घोळ झाला. हॅम्बर्गच्या बोल्टेन नावाच्या डॉक्टरच्या संग्रहाची यादी रोडिंगने १७९८ मध्ये छापली, त्यात ‘झँकस’ आलं. हा आपलाच ‘शंख’, पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेलेला. पुढच्याच वर्षी लामार्कने ‘टर्बिनेला’, म्हणजे लहानसा भोवरा, हे नाव दिलं. नियम असा की आधीचं नाव खरं. पण ती यादी फारशी कुणाच्या हाती नव्हती. एकोणिसावं शतक टर्बिनेलावरच चाललं. जेम्स हॉर्नेलने १९१४ मध्ये भारतीय शंखावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही टर्बिनेलाच. विसाव्या शतकात यादीला मान मिळाला, झँकस रूढ होऊ लागलं, आणि मग प्राणी-नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने विशेषाधिकार वापरून ते रद्द केलं. रुळलेलं नाव मोडू नये, हे कारण मला पटतं. तरी शंखाच्या नावातून शंखच गेला, याची चुटपुट लागतेच.

नावाचा हा काथ्याकूट निरुपयोगी नाही. गेल्या वर्षी आमच्या एका नातेवाइकांनी तीर्थक्षेत्री भारी किंमत मोजून ‘दक्षिणावर्ती’ घेतला. वेटोळ्यांचं टोक वर धरलं तर नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे उघडतं, म्हणून शास्त्रात तो उजवा. आपण टोक खाली धरतो, म्हणून तोच आपला वामावर्ती. याच्या उलट वळणाचा खरा शंख अतिदुर्मीळ. मात्र मेक्सिकोच्या आखातातल्या ‘सिनिस्ट्रोफल्गर’ गोगलगाई जन्मतःच तशा वळतात. त्यांच्यातल्या एकीला लिनियसने १७५८ मध्येच ‘पर्व्हर्सस’, म्हणजे उलटी, म्हटलं होतं. बाजारातले बरेचसे दक्षिणावर्ती हेच असतात. त्यांच्या खांबावर त्या वळ्या नसतात.

नातेवाइकांनी शंख कौतुकाने माझ्या हातात दिला. मी आत बोट फिरवलं. खांब गुळगुळीत होता. “कसा आहे?” त्यांनी विचारलं. “लांबून आलाय,” एवढंच मी म्हणालो.