हवा कोरडी, रान कोरडे

इंग्रजीतल्या ‘ड्राय’ या विशेषणाचे काम मराठीत अनेक शब्द वाटून घेतात. कपडे वाळलेले, मासळी सुकी. हवा, विहीर आणि रान मात्र कोरडे. न शिजवलेले धान्य तो कोरडा शिधा, आणि भाकरीबरोबरच्या कालवणाला खेड्यात कोरड्यास म्हणतात. जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या कोरडवाहू गावांत ‘कोरडे’ या शब्दाचे अर्थ नीट वेगळे करावे लागतात, कारण पेरणीपासून काढणीपर्यंत बरेच काही त्यावर अवलंबून असते.

‘हवामान कोरडे राहील’ असा अंदाज हवामान विभाग देतो, तेव्हा त्या भागात पाऊस अपेक्षित नाही एवढेच कळते. हवेत दमटपणा किंवा जमिनीत ओल किती, हे त्यातून कळत नाही. आभाळ भरलेले असूनही हवामान कोरडे असू शकते. शिवाय २४ तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला, तरच तो दिवस पावसाचा म्हणून मोजला जातो; नुसत्या शिंतोड्यांनी ती गणना बदलत नाही.

रानाचे कोरडेपण वेगळे. मराठवाड्याची काळी, चिकण जमीन वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. वरची माती भुरभुरीत झाली तरी खाली ओल टिकते. त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी आणि हरभरा येतो. फार ओले नाही, फार कोरडेही नाही, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून केलेला गोळा खाली टाकताच फुटला, तर वाफसा आला. गोळाच होत नसेल, तर ओल नाही. पावसाआधी कोरड्या रानात बी टाकणे ही धूळपेरणी; पाऊस लांबला की दुबार पेरणीची वेळ येते.

पीक उभे असताना पाऊस थांबून राहिला, तर तो ‘खंड’. २०२३च्या खरिपात सलग २१ दिवसांहून अधिक खंड पडलेल्या महसूल मंडळांसाठी पीकविम्याच्या २५ टक्के आगाऊ भरपाईचा निकष लावला गेला. याउलट, लोक ज्याला ‘ओला दुष्काळ’ म्हणतात, त्याची सरकारी नोंद अतिवृष्टी अशी होते.

म्हणून फवारणी आणि काढणीसाठी अंदाज ऐकावा आणि पेरणीसाठी रानातली ओल तपासावी.