हे पाणी कुठं ओतू?

भारंगीचा पाला कडू असतो. तो आधी उकडायचा, पाणी ओतून द्यायचं, पाला घट्ट पिळायचा आणि मग भिजवलेल्या डाळीबरोबर कांदा-लसणावर परतायचा. कर्जतच्या आमच्या रानभाजी महोत्सवाचं ते तिसरं वर्ष. मंगल कार्यालयाच्या चकचकीत हॉलमध्ये ठाकरवाडीच्या एका आजी वाफाळतं पातेलं फडक्याने धरून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, ‘‘बाई, हे पाणी कुठं ओतू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हॉल निवडताना आम्ही पंखे मोजले, खुर्च्या मोजल्या, गाड्या कुठे लागतील ते पाहिलं. येणाऱ्या पाहुण्यांचा सगळा विचार केला होता. रांधणाऱ्या बायकांचा केलाच नव्हता.

सुरुवात शाळेच्या ओसरीत झाली होती. आठ बायका, आठ चुली, करटोली, कुर्डू, भारंगी, तेऱ्याच्या पानांचं फदफदं आणि तांदळाची भाकरी. दुपारी एकलाच सगळं संपलं. दुसऱ्या वर्षी लोक ओसरीबाहेर पावसात ताटकळले, म्हणून तिसऱ्या वर्षी हॉल घेतला. तिथे चूल पेटवायला मनाई. शेगड्या आणल्या, तर तीस कढयांच्या फोडणीने बंद हॉलमध्ये सगळ्यांना ठसका लागला. देठांनी बेसिन तुंबलं आणि अनामत रक्कम बुडाली.

चौथ्या वर्षी मोकळं मैदान. आम्ही ते मे महिन्यात पाहिलं होतं, जमीन दगडासारखी टणक होती. आमचा महोत्सव मात्र भातलावणी उरकल्यावर, श्रावणाच्या तोंडावर भरतो. त्याआधी बायकांना सवड नसते. त्या रविवारी मैदानात घोट्याएवढा चिखल होता. ताडपत्रीत पाण्याच्या झोळ्या साचत होत्या आणि पोरं बांबूने त्या उचलून देत होती. दोघीजणी भरल्या पातेल्यांसकट घसरल्या. थोड्या चटक्यावर निभावलं. पण महोत्सव ज्या महिन्यात भरायचा, त्याच महिन्यात पावसात उभं राहून जागा पाहायची, हे मी तिथे शिकले.

आता आम्ही महोत्सव भातगिरणीच्या शेडमध्ये भरवतो. हे सुचवलं एका स्वयंपाक करणाऱ्या बाईनेच. भात दिवाळीच्या आगेमागे घरात येतं, त्यामुळे श्रावणात गिरणीची शेड रिकामीच असते. वर उंच पत्रा, दोन बाजू उघड्या, त्यामुळे धूर निघून जातो. भात वाळवण्यासाठी केलेल्या कोब्याला उतार आहे, पाणी आपसूक गटारात जातं. जाळी लावली की देठ अडकून राहतात, ते खताच्या खड्ड्यात टाकता येतात.

शेड साधारण १६० फूट लांब, ६० फूट रुंद. एका स्टॉलला दहा बाय दहा फूट, म्हणून दोन्ही लांब बाजूंना पंधरा-पंधरा स्टॉल बसले. प्रत्येकीच्या मागे सहा फूट जागा सोडली, कारण चूल, पाण्याची बादली आणि शेजारी बसलेलं लेकरू, सगळं तिथेच असतं. मध्ये २८ फुटांची वाट उरली. ताट हातात धरून खाणाऱ्या माणसाला पंधरा चौरस फूट धरले, तर एका वेळी २८० माणसं सुखाने मावतात. माणूस तासभर थांबतो आणि महोत्सव दहा ते चार चालतो, म्हणजे दिवसाला जेमतेम सतराशे. ‘जागा किती जणांची?’ असं कुणी विचारलं, की मी आधी एका वेळची संख्या सांगते. गर्दी त्याच आकड्यावर तुंबते.

आगीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमात मांडवाला आग लागली. कृत्रिम धाग्याचं कापड, बाहेर पडायला वाट अपुरी. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं होती. म्हणून गिरणीतलं तूस आम्ही आठवडाभर आधी हलवतो, चुलींच्या डोक्यावर कापड बांधत नाही आणि दोन्ही टोकांची दारं सताड उघडी ठेवतो. गॅस लागलाच तर व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा, घरचा नाही.

गिरणी स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मुंबईहून लोकलने सुमारे दोन तासांत येणाऱ्यांना ती सोयीची, हे खरंच. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो शेजारचा एसटीचा थांबा. भाजीचे भारे घेऊन बायका पहाटे तिथेच उतरतात आणि चारला आवरलं की दिवसाउजेडी वाडीवर पोचतात. शहरातल्या लोकांना महोत्सव रात्री आठपर्यंत हवा असतो. आम्ही तो वाढवलेला नाही, वाढवणारही नाही.

पुढच्या वर्षी आणखी दहाजणींना यायचं आहे. शेडमध्ये त्या मावणार नाहीत, म्हणून आम्ही दोन रविवार धरले आहेत. जागा मात्र बदलणार नाही.

तुमच्या गावात असा महोत्सव वाढत असेल, तर जागा पाहायला जाताना रांधणाऱ्या दोघीतिघींना बरोबर न्या. त्यांना तिथे बादलीभर पाणी ओतून पाहू द्या, चूल कुठे मांडायची ते ठरवू द्या. त्यांनी होकार दिल्यावरच इसार द्या.