काढून टाकलेल्या कामगाराचा हिशेब

सकाळी कामावर आलेल्या कामगाराला गेटवरच अडवायचे, ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून सांगायचे आणि हातावर चार पैसे टेकवून ‘सर्व हिशेब मिळाला’ अशा कागदावर सही घ्यायची, ही मालकवर्गाची जुनी रीत आहे. आपला माणूस मुकाट्याने सही करतो आणि घरी येतो. नोकरी जाते ती जातेच. पण हक्काचे पैसेही जातात, ते केवळ कायदा माहीत नसल्यामुळे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, काम गेले म्हणून हक्क जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे पडला. पण कामगार कपातीची मूळ तरतूद कायम आहे. वर्षभरात किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कारण देणारी एक महिन्याची लेखी नोटीस दिली पाहिजे. नोटीस नसेल तर एक महिन्याचा पगार. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, आणि तोही काढतेवेळीच. पाच वर्षे झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. ठराविक मुदतीच्या करारावरील कामगाराला नव्या संहितेप्रमाणे ती एका वर्षानंतरही मिळते.

आता हिशेब मांडू. समजा, एका कामगाराची नोकरी आठ वर्षे झाली आणि पगार १५,६०० रुपये आहे. नोटिशीचे १५,६००. भरपाई वर्षाला अर्ध्या महिन्याप्रमाणे ७,८०० गुणिले आठ, म्हणजे ६२,४००. ग्रॅच्युइटीसाठी पगाराला २६ ने भागायचे. दिवसाचे ६०० रुपये, पंधरा दिवसांचे ९,०००, आठ वर्षांचे ७२,०००. एकूण दीड लाख! शिल्लक रजेचे पैसे, बोनस, प्रॉव्हिडंट फंड याहून निराळे. कामगार पुनर्कौशल्य निधीतून मिळणारा १५ दिवसांचा पगारही निराळा. थकलेला पगार तर कामावरून काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. दीड लाखाच्या माणसाला दहा हजारांवर वाटेला लावणे, याला हिशेब म्हणायचे की लूट?

कपात करताना शेवटी आलेला आधी जातो, हा साधारण नियम आहे. तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावे लागते. वर्षभरात पुन्हा भरती केली तर काढलेल्याला प्राधान्य द्यावे लागते. आपल्या वस्तीतला जुना कामगार काढून साहेबाचा नातलग ठेवला जात असेल, तर हा नियम पुढे करा.

मात्र नव्या संहितेने एक मोठे दारही लावून घेतले आहे. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागत असे. आता ती मर्यादा ३०० झाली. म्हणजे मधल्या सगळ्या कारखान्यांचे मालक मोकळे सुटले. १९३८ साली मुंबई इलाख्यातील औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संप घडवला होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. ज्यांच्या नेत्याने मजुराचे प्रश्न एवढ्या उंचीवर नेले, त्यांनी या बदलाकडे डोळेझाक करावी काय?

मग करायचे काय? कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. घ्यावेच लागले तर ‘हक्क राखून स्वीकारले’ असे लिहा. पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, ओळखपत्र, बँकेचे पासबुक सांभाळा. कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. दोन वर्षे उलटली की तो मार्ग बंद होतो, म्हणून उशीर नको. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे साफसफाई आणि हाऊसकीपिंगमधील भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे.

वकिलाला पैसे कोठून आणायचे, असे अनेकजण विचारतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते.

एकटा कामगार अर्ज घेऊन गेला तर त्याला हेलपाटे घालावे लागतात. दहाजण गेले तर खुर्ची मिळते. म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत महिन्यातून एक संध्याकाळ या हिशेबासाठी ठेवा. शिकलेल्या पोरांनी कागद लिहून द्यावेत. तेवढे केले तरी कितीतरी घरांची चूल विझायची थांबेल.