बंद खोलीतील हवा आणि बुद्धीची धार

माणूस उच्छ्वासावाटे जी हवा बाहेर टाकतो, तिच्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे मोकळ्या हवेतील प्रमाणाच्या जवळजवळ शंभरपट असते. त्यामुळे जेथे माणसांचा वावर आहे आणि हवेची ये-जा नाही, तेथे हा वायू साचत जाणे अटळ ठरते. त्याचे प्रमाण ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्याचे किती भाग आहेत या हिशेबाने मोजतात आणि मोकळ्या हवेत ते आज सुमारे ४२५ आहे. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत साधारण ३४ हजार लिटर हवा मावते आणि झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. अशी खोली पूर्ण बंद करून तीत दोघे झोपले, तर हे प्रमाण तासाला सुमारे ७०० पीपीएमने चढते. फटींतून थोडी हवा येत असली, तरी पहाटेपर्यंत ते दोन हजारांपलीकडे जाऊ शकते. घरगुती स्प्लिट एसीने यात फरक पडत नाही, कारण तो बहुधा खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून सोडतो.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच राहत्या खोल्यांसाठी १००० पीपीएम ही मर्यादा सुचवली होती. मात्र एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी ठरतो, असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांच्या शरीरातून बाहेर पडणारे इतर पदार्थ हवेत किती साचले आहेत, हे ओळखण्याची ती खूण होती.

या समजुतीला २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने धक्का दिला. २२ जणांना अडीच-अडीच तास ६००, १००० आणि २५०० पीपीएम अशा हवेत बसवून त्यांची निर्णयक्षमता तपासण्यात आली. बाहेरच्या हवेचा पुरवठा तिन्ही वेळा सारखाच ठेवून केवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड मिसळला होता. तरीही १००० पीपीएमला नऊपैकी सहा निकषांवर गुण घटले आणि २५०० पीपीएमला ही घसरण तीव्र झाली. परंतु २०१८ मध्ये पाणबुडीवरील ३६ नौसैनिकांची त्याच पद्धतीने चाचणी घेतली असता १५,००० पीपीएमलाही लक्षणीय घट आढळली नाही. डेन्मार्कमधील एका प्रयोगात ३००० पीपीएम शुद्ध वायूचा परिणाम जाणवला नाही. तेच प्रमाण माणसांच्या साचलेल्या उच्छ्वासामुळे झाले, तेव्हा मात्र डोके जड होणे, थकवा आणि कामातील मंदपणा दिसून आला. म्हणजे दोष एकट्या या वायूचा, की कोंदट हवेतील सगळ्याच घटकांचा, हा वाद मिटलेला नसला, तरी कोंदट हवेत बुद्धीची धार बोथट होते, या निष्कर्षाला पुरेसा आधार आहे.

हवा ‘शुद्ध’ करण्याच्या उपायांची परीक्षा येथेच होते. एअर प्युरिफायरमधील हेपा फिल्टर धूलिकण अडवतो. वायूचे रेणू त्यातून आरपार जातात. प्रौढ माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो शोषायचा, तर कुंड्यांतील झाडांना रोज सहाशे ग्रॅमहून अधिक शुष्क पदार्थ तयार करावा लागेल, जे घरातल्या मनी प्लांटच्या आवाक्याबाहेरचे आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, म्हणजे चुना हा वायू धरून ठेवतो हे खरे. पण एका माणसासाठी रोज सुमारे पावणेदोन किलो विरलेला चुना खर्ची पडेल. असे रासायनिक शोषण अंतराळयान किंवा पाणबुडीसारख्या ठिकाणीच परवडते, कारण तेथे उघडायला खिडकी नसते.

घरात, वर्गात किंवा कार्यालयात खरा उपाय वायुवीजन, म्हणजे आतली हवा बाहेर काढून बाहेरची आत घेणे, हाच आहे. समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. ते शक्य नसेल, तर एक्झॉस्ट पंखा लावून दाराखालची फट मोकळी ठेवावी. बाहेर धूळ-धूर असेल, तर खिडकी थोडी उघडी ठेवून जोडीला प्युरिफायर चालवावा. मापकयंत्र घेताना ते अवरक्त किरणांनी हा वायू प्रत्यक्ष मोजते याची खात्री करावी, कारण काही स्वस्त यंत्रे इतर वायूंवरून केवळ अंदाज बांधतात. आकडा हजाराच्या वर रेंगाळू लागला, की नवे उपकरण शोधण्याआधी खिडकी उघडावी.