ताण तोडायचा कधी?

मे महिन्यात नांदगाव पेठच्या बाजूला संत्र्याची बाग पाहिली, तर नवख्याला वाटेल की झाडं पाण्यावाचून चालली. खरं तर ती मुद्दाम तहानलेली ठेवलेली असतात. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची फुलं, धरायचा म्हणून ओलित थांबवलेलं असतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. शेतकरी रोज पान पाहतो आणि नेमक्या दिवशी ताण तोडतो, म्हणजे पुन्हा पाणी सोडतो. घाई झाली तर फुलं कमी, उशीर झाला तर फांद्या वाळतात.

पाहायचं, करायचं, परिणाम पाहून पुन्हा सुधारायचं. या चक्राचं शास्त्र गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली मांडलं. नाव दिलं सायबरनेटिक्स. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. मला त्यात धुऱ्यावर उभा असलेला शेतकरीच दिसतो.

हेच चक्र यंत्रावर सोपवणारा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला हमखास दिसणारा प्रकल्प म्हणजे ओल मोजून मोटर चालू-बंद करणारं यंत्र. त्यातली बोटभर पट्टी काय जोखते? मातीचा, विजेचा भार साठवायला मदत करण्याचा गुण. तो हवेत १ धरला, तर कोरड्या मातीत ३ ते ५ आणि पाण्यात तब्बल ८०! एवढी तफावत आहे म्हणूनच दोन घोट पाणीसुद्धा पट्टीला कळतं.

पण आपली काळी माती वाळली की भेगाळते. पट्टीलगत भेग पडली की पट्टी हवाच मोजते, यंत्र म्हणतं ‘ठणठणीत कोरडं’ आणि मोटर सुरू! ताण भलत्याच दिवशी तुटतो. म्हणून त्याच शेतातली माती १०५ अंशांवर वाळवून, आधी-नंतर तोलून, यंत्राचे आकडे पडताळावे लागतात.

मोटर सुरू होताच आणखी मोठं चक्र हलतं. नांदगाव पेठच्याच औष्णिक केंद्रात २७० मेगावॉटचे ५ संच आहेत. संच चालू असला की त्याची टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते. विजेची मागणी वाढली की फेरे किंचित मंदावतात; ते ओळखून वाफेची झडप उघडणाऱ्या यंत्राला गव्हर्नर म्हणतात. हा शब्दही त्याच ग्रीक सुकाणूवाल्यापासून आलेला!

राज्यात २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियान विद्यार्थ्यांना गावच्या पाण्या-विजेच्या प्रश्नांशी जोडू पाहतं आहे. या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या प्रदर्शनाला जरूर जा, आणि ओल मोजणारं यंत्र दिसलं तर एवढं विचारा: भेग पडल्यावर हे काय करतं, आणि तुम्ही बागवाल्याला विचारलंत का?